मुसाफिराचं दप्तर

आमच्या कोकणात परदेशी जाणाऱ्या माणसाचं सामान म्हटलं की डोळ्यांपुढे कार्टन येतो. टीव्हीच्या नाहीतर साबणाच्या खोक्याला चारी बाजूंनी चिकटपट्टी, तिच्यावरून नायलॉनची दोरी, उचलायला दोरीवर गुंडाळलेली कापडाची मूठ आणि सगळ्या अंगांवर जाड मार्करने लिहिलेलं नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. जाताना त्यात लोणचं, आमसुलं, सुकी मासळी, तांदळाचं पीठ. येताना ब्लँकेट, दूध पावडर, अत्तर, साबणाच्या वड्या आणि बहिणीच्या लग्नाचं कापड. कुवेत, दुबई, दमाम, मस्कत, माणूस कुठेही जावो, कार्टन तोच. त्यात जाणाऱ्याचं स्वतःचं फार थोडं असे. चार शर्ट, एक लुंगी, दाढीचं सामान. बाकी सगळं कोणाकोणाचं.

आम्ही दोघं, नवरा-बायको, अशाच घरांत वाढलो. दोघंही रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात शिकवतो. एकाकडे विज्ञान, एकीकडे भूगोल आणि उर्दू. नकाशावर डॅन्यूब दाखवायची, वर्गात इक्बालची कुर्तुब्याच्या मशिदीवरची कविता शिकवायची, आणि स्वतः पुण्यापलीकडे जायचं नाही, याचा एक दिवस कंटाळा आला. आठ वर्षं भिशी आणि पतपेढीच्या जोरावर पैसे साठवले, संस्थेकडून ना हरकत प्रमाणपत्र घेतलं, व्हिसा काढला, सात वर्षांच्या लेकीला अम्मी-अब्बांकडे ठेवलं, आणि २०२३ च्या मे महिन्यात चोवीस दिवस युरोपात रेल्वेने फिरून आलो. माद्रिद, कुर्तुबा म्हणजे आजचं कोर्दोबा, बार्सिलोना, पॅरिस, झुरिक, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट.

प्रवासवर्णनं पुष्कळ लिहिली गेली आहेत, त्यात आमची भर नको. आम्हाला लिहायचं आहे ते सामानाबद्दल. कारण हे सामान भरता भरता आमच्या घरातली ३३ वर्षं बांधून ठेवलेली एक गोष्ट उघडली गेली.

आधी रेल्वेचं सांगतो. युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी युरेल नावाचा पास मिळतो. १९५९ पासून तो आहे आणि आता ३३ देशांत चालतो. एका महिन्यात मिळून सात दिवस प्रवास, असा पास आम्ही घेतला. तो मोबाइलमध्येच असतो. स्पेन-फ्रान्समधल्या वेगवान गाड्या आणि रात्रीच्या गाड्या यांचं आरक्षण वेगळं आणि त्याचे पैसेही वेगळे. हे सगळं आधी वाचून झालं होतं. सामानाचा प्रश्न मात्र वाचून सुटला नाही.

विमानाचं सामान एकदा काट्यावर चढलं की नजरेआड होतं. पुढे ते कोणी उचललं, कसं टाकलं, आपल्याला पत्ता नसतो. रेल्वेत तुमच्या सामानाचं वजन सहसा कोणी करत नाही, पण ते दर वेळी तुम्हीच उचलायचं असतं. आपल्याकडे लाल सदऱ्यातला, दंडावर पितळी बिल्ला बांधलेला हमाल असतो. तिकडच्या बहुतेक स्टेशनांत तो भेटत नाही. डब्यात चढायला दोन-तीन पायऱ्या, भुयारी मार्गाचे जिने, मेट्रोची फाटकं, जुन्या शहरांतले गोट्यागोट्यांच्या फरसबंदीचे रस्ते. गाडी बदलायला कधी आठच मिनिटं. चाकांची बॅग विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर राणीसारखी चालते, पण जिना आला की तीच दोन्ही हात अडकवून बसते. म्हणून ठरलं की सॅक घ्यायची, प्रत्येकाला एक, आणि आपली आपण उचलायची.

हे शेवटचं वाक्य लिहायला सोपं आहे. आमच्या दोन्ही घरांत बाईने प्रवासात स्वतःचं सामान स्वतः उचललेलं कोणी पाहिलं नव्हतं. तिने उचलायचं ते मूल, डबा, पाण्याची बाटली आणि बाकी सगळ्यांच्या विसरलेल्या वस्तू. तिचे कपडे नवऱ्याच्या बॅगेत एका कोपऱ्यात. ‘पाठीवर बोजा घेऊन सून चालली, लोक काय म्हणतील,’ असं एका मामींनी विचारलंसुद्धा. अम्मींनी परस्पर उत्तर दिलं, ‘डोक्यावरून पाण्याच्या कळशा आणत होतो तेव्हा कोणी विचारलं नाही.’ विषय तिथेच संपला.

सॅक किती मोठी घ्यायची? इथे शाळेची नोकरी कामाला आली. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मुलांच्या दप्तराचं वजन त्यांच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू नये असा निर्णय काढला. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणातही तीच मर्यादा आहे. आरोग्य तपासणीच्या वजनकाट्यावर आम्ही मुलांना दप्तरासकट आणि दप्तराविना उभं करतो, वजाबाकी करतो, वहीत लिहितो. त्याच काट्यावर आम्ही उभे राहिलो. एकाचं वजन ७० किलो, एकीचं ५६. म्हणजे नियमाने सात किलो आणि पाच किलो सहाशे ग्रॅम. मोठी माणसं यापेक्षा जास्त उचलू शकतात हे खरं, पण मुलांना जो हिशेब आपण सांगतो तो स्वतःला लावून पाहायला काय हरकत आहे?

सह्याद्रीत ट्रेक करणारे आमचे एक सहकारी शिक्षक आहेत. त्यांनी सांगितलं, सॅक लिटरमध्ये मोजतात. तंबू, चूल, शिधा घेऊन डोंगरात जाणाऱ्याला ६० लिटर लागते. रेल्वेने फिरून रात्री छपराखाली झोपणाऱ्याला ४० पुरते. मोठी घेतली की ती भरतेच, रिकामी कोणी ठेवत नाही. आणि साधारण ४० लिटरची सॅक डब्यात डोक्यावरच्या फळीवर बसते. त्याहून मोठ्या बॅगा डब्याच्या टोकाला ठेवाव्या लागतात आणि दर स्टेशनाला मान वळवून त्यांच्याकडे बघत बसावं लागतं.

मुंबईच्या एका दुकानात आम्ही दोन तास काढले. तिथे कळलं की सॅक माणसाच्या उंचीवर नव्हे, पाठीच्या लांबीवर घेतात. मान पुढे वाकवली की मानेच्या मुळाशी जे हाड हाताला लागतं, तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत टेपने मोजायचं. उंच माणसाची पाठ आखूड असू शकते. ओझं खांद्यांनी नव्हे, कमरेने पेलायचं असतं. म्हणून कमरपट्टा जाड हवा आणि तो पोटावर नव्हे, कमरेच्या दोन्ही हाडांवर बसायला हवा. आधी तो आवळायचा, मग खांद्याचे पट्टे, मग छातीवरची छोटी पट्टी. दुकानदाराने आत वजनं टाकून आम्हाला जिना चढायला लावला. रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते.

बायकांसाठी वेगळी बांधणी मिळते. तिची पाठ आखूड आणि खांद्याचे पट्टे एकमेकांजवळ असतात. पण कुर्ता आणि ओढणी घालणाऱ्या बाईचा विचार ती करणाऱ्यांनी केलेला नसतो. लांब कुर्त्यावर कमरपट्टा आवळला की कापड गोळा होऊन टोचतं, आणि ओढणी पट्ट्याखाली अडकली की मान वळत नाही. यावर उपाय घरीच निघाला. दोन्ही बाजूंना उंच चिरा असलेले, गुडघ्याच्या वरचे कुर्ते आणि ओढणीऐवजी पिनेने बसवलेला चौकोनी रुमाल.

आणखी एक गोष्ट पाहून घेतली. ट्रेकवाल्यांच्या बऱ्याच सॅका विहिरीसारख्या वरून उघडतात, तळाचा मोजा काढायला सगळं उपसावं लागतं. आम्ही पेटीसारख्या पूर्ण उघडणाऱ्या, चेनला छोटं कुलूप बसेल अशा घेतल्या. एक ४० लिटरची, एक ३५ ची.

मग तो दिवस आला जेव्हा पलंगावर सगळं मांडलं. अम्मींनी उरलेल्या कापडाच्या नाडीच्या पिशव्या शिवल्या होत्या, निळ्यात आतले कपडे, पिवळ्यात औषधं, फुलाफुलांच्या पिशवीत चार्जर आणि वायरी. कपडे घडी न घालता गुंडाळून ठेवले की जागा कमी लागते. जड वस्तू पाठीला चिकटून, मधल्या उंचीवर ठेवायच्या, हलक्या आणि मऊ वस्तू तळाला. वर्गात आम्ही मर्कज-ए-सिक्ल म्हणतो, मराठी पुस्तकात गुरुत्वमध्य. तो पाठीपासून लांब गेला की माणूस तोल सावरायला पुढे झुकतो. जड दप्तराची मुलं कुबड काढून का चालतात, त्याचं उत्तर हेच.

काट्यावर मोठी सॅक भरली साडेअकरा किलो.

इशाची नमाज पढून अब्बा खोलीत आले. अब्बा आमच्यापैकी एकाचे वडील, दुसरीचे सासरे. फार बोलत नाहीत. त्यांनी एका हाताने सॅक उचलून पाहिली.

‘किती?’

‘साडेअकरा किलो.’

‘पाणी धरून?’

‘पाणी नाही त्यात.’

‘मग साडेअकरा कसले? पाणी धरा.’ थोडं थांबून त्यांनी विचारलं, ‘कागद कुठे आहेत?’

‘आतल्या कप्प्यात. कुलूप लागतं त्याला.’

‘सॅकेत नको. सॅक गेली तर गेली. कागद अंगावर पाहिजेत.’

एवढं बोलून ते पलंगाच्या कडेला बसले आणि बोलू लागले. आमच्यापैकी एकाने हा माणूस ३५ वर्षं पाहिलेला, त्यालाही यातलं जवळपास काही माहीत नव्हतं.

अब्बा कुवेतमध्ये एका गोदामात हिशेब लिहीत. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. त्या वेळी त्यांच्या खोलीत एक कार्टन अर्धा भरलेला होता, धाकट्या आत्याच्या लग्नासाठी. दोरी आणलेली होती, बांधायची बाकी होती. पाच आठवडे ते खोलीतच राहिले. मग दिवसागणिक महाग होत चाललेल्या बसमधून बसरा, बगदाद, आणि तिथून वाळवंट ओलांडून जॉर्डनची सरहद्द. रुवैशेदजवळच्या छावण्यांत हजारो माणसं उन्हात पडलेली. तिथे नऊ रात्री काढल्यावर अम्मान, आणि अम्मानहून मुंबई. त्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत एअर इंडियाच्या विमानांनी लाखावर भारतीयांना अम्मानहून मायदेशी आणलं, हे आम्ही वाचलं होतं. त्या लाखातला एक आमच्या पलंगावर बसला होता.

‘तुम्ही काय घेतलं होतं?’ आम्ही विचारलं.

त्यांनी बोटांवर मोजलं. रेक्झिनची एक बॅग, खांद्याला लावायची. पाण्याचा कॅन. खुब्ज, म्हणजे तिकडची रोटी, आणि खजूर. एक लुंगी, एक पंचा. पासपोर्ट, तिथलं ओळखपत्र, पगाराचे कागद आणि बँकेचं पासबुक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पोटाला बांधलेलं. आणि कार्टनची ती दोरी.

‘दोरी कशाला?’

‘बॅगेचा पट्टा बगदादलाच तुटला, तो बांधला. छावणीत दोन खांबांना बांधून तिच्यावर चादर टाकली, सावली झाली. रात्री तिचंच एक टोक बॅगेला आणि एक पायाला. दोरी घ्या तुम्ही.’

टीव्ही, पंखा, सहा वर्षांची भांडीकुंडी आणि तो कार्टन खोलीतच राहिला. आत्याचं लग्न त्या वर्षी झालं नाही, दोन वर्षांनी झालं. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या भरपाई आयोगाने कुवेत सोडावं लागलेल्यांना पैसे दिले, त्यात अब्बांनाही मिळाले, ते त्या पोटाला बांधलेल्या कागदांच्या आधारावर. कागद अंगावर पाहिजेत, हे वाक्य त्यांनी असं कमावलेलं आहे. चिपळूणच्या २०२१ च्या पुराच्या बातम्या आल्या, तेव्हा आमचं घर उंचावर असूनही त्यांनी सगळ्यांचे कागद प्लॅस्टिकमध्ये का भरले, हे आम्हाला त्या रात्री समजलं.

अम्मी दारात उभ्या होत्या. त्यांनाही यातलं निम्मं नवं होतं. ‘मला तर सांगितलं होतं, विमानाने आलो,’ एवढंच त्या म्हणाल्या.

मग अब्बा आमच्या सामानाकडे वळले. एक एक वस्तू उचलून विचारायचे, ‘हे नसलं तर काय होईल?’ भात शिजवायचा छोटा विजेचा कुकर. नसला तर बाहेर खाऊ. बाजूला. बुटांची दुसरी जोडी. फाटले तर तिकडे घेऊ. बाजूला. जाड टॉवेल. पंचा आहे. बाजूला. रक्तदाबाच्या गोळ्या. चिठ्ठीशिवाय तिकडे मिळणार नाहीत. ठेवा, निम्म्या एका सॅकेत, निम्म्या दुसरीत, चिठ्ठी कागदांबरोबर. असं करत ढीग लहान झाला. शेवटी ते हसून म्हणाले, ‘तुमचं बरं आहे. तुमच्या प्रत्येक उत्तरात दुकान आहे.’

ते वाक्य पुढे चोवीस दिवस आमच्या बरोबर फिरलं. थोडक्या सामानात प्रवास करणाऱ्यांचं फार कौतुक होतं, गरजा कमी केल्या म्हणून. पण आम्हाला दुसरी जोडी घरी ठेवता आली कारण खिशात कार्ड होतं, कोपऱ्यावर दुकान होतं आणि परतीचं तिकीट काढलेलं होतं. ज्याला उद्याची खात्री नसते तो हंडासुद्धा बरोबर घेतो. आमच्या कोकणी माणसाचे ते बोजड कार्टन म्हणजे हावरटपणा नव्हता. पुन्हा केव्हा येणं होईल कोण जाणे, हा त्यामागचा हिशेब होता.

निघताना पाण्यासकट एक सॅक आठ किलो दोनशे ग्रॅम आणि दुसरी सहा किलो सहाशे ग्रॅम भरली. दप्तराचा नियम दोघांनीही थोडाथोडा मोडला. शेजारपाजारचं एकही पुडकं घेतलं नाही. आखातात जाणाऱ्याच्या हाती पुडकी देण्याची जुनी रीत आहे, तिला नकार देताना जीभ जड होते, पण आपण न भरलेली पिशवी आपली म्हणून तपासणीत पुढे करायची नसते.

आता काय उपयोगी पडलं ते सांगतो.

कपडे तीन जोड. एक अंगावर, एक दोरीवर, एक सॅकेत. नायलॉनची तीन मीटर दोरी आणि साबणाची अर्धी वडी, रोज रात्री धुवायचे. मे महिन्यात माद्रिदला ऊन, झुरिकला पाऊस आणि गारठा. एक जाड कोट नेण्यापेक्षा पातळ लोकरीचा स्वेटर आणि वर पावसाचं जाकीट असे दोन थर बरे. दुकानातले झटपट वाळणारे महागडे टॉवेल पाहिले होते, आमचा पंचा त्यांच्याइतकाच लवकर वाळला. आपल्या मोबाइलच्या चार्जरच्या दोन बारीक गोल पिना त्या सगळ्या देशांत सरळ बसल्या. पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच ठेवावी लागते, आणि पास मोबाइलमध्ये असल्याने रेल्वेत तीच सर्वांत मोलाची वस्तू ठरली.

खाण्याचं म्हणाल तर युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे कबाब, खवा, तूप सगळं बंद. सुक्या मासळीला कायद्याची तशी आडकाठी नाही, पण बंद डब्यातल्या सहप्रवाशांचाही काही हक्क असतो! आम्ही खजूर, भाजलेले चणे आणि सुकी चटणी नेली. तिकडच्या स्वच्छतागृहांत बहुतेक ठिकाणी पाणी नसतं, कागद असतो. दाबून पाणी काढायची पाव लिटरची प्लॅस्टिकची बाटली हा आमचा तांब्या. वजन पन्नास ग्रॅमही नाही, सोय किती ते आपल्या माणसाला सांगायला नको.

जानमाज नेली ती छत्रीच्या कापडाची, रुमालाएवढी घडी होणारी. इकडे आपण मावळतीकडे तोंड करून उभे राहतो. तिकडे किब्ला आग्नेयेला, हे भूगोल शिकवणाऱ्यालाही पहिले दोन दिवस मनात बसवावं लागलं. आणि मुसाफिराला चार रकातींच्या जागी दोनच पढायची मुभा आहे. सफरीत ओझं कमी करावं, ही गोष्ट फार जुन्या काळापासून मान्य झालेली आहे असं आम्हाला त्यावरून वाटतं.

स्पेनच्या वेगवान गाड्यांना स्टेशनातच सामान यंत्रातून तपासतात. माद्रिदच्या गाड्यांमध्ये ११ मार्च २००४ रोजी झालेल्या बॉम्बस्फोटांची आठवण तिथे अजून ताजी आहे. आमची नावं, आमचा पेहराव पाहता आम्ही जरा सावध होतो. पट्ट्यावर सॅक ठेवली, पलीकडे उचलली, झालं. पूर्ण उघडणारी, पिशव्यांत लावलेली सॅक उघडून दाखवायची वेळ आली असती तरी दोन मिनिटांचं काम होतं, याचा मनाला आधार वाटला. झुरिकहून व्हिएन्नाला रात्रीच्या गाडीने गेलो. सहा जणांच्या खणात उशी, चादर, ब्लँकेट गाडीच देते, म्हणून आपली वळकटी लागत नाही. सॅका खालच्या बाकाखाली सरकवल्या. तरीही दोरीचं एक टोक सॅकेला आणि एक मनगटाला बांधून झोपलो. गरज नव्हती, दाराला आतून कडी होती. पण अब्बांना फोनवर सांगता आलं.

शेवटचं स्टेशन बुडापेस्टचं केलेती. १८८४ चं, भव्य कमानीचं. २०१५ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला याच स्टेशनात आणि त्याच्या समोरच्या भुयारी चौकात हजारो निर्वासित अडकून पडले होते, बरेचसे सीरिया, अफगाणिस्तान आणि इराकमधले. पश्चिमेला जाणाऱ्या गाड्या त्यांना बंद झाल्या होत्या. ४ सप्टेंबरला त्यांतले पुष्कळजण मुलाबाळांसह महामार्गावरून ऑस्ट्रियाच्या दिशेने चालत निघाले, तेव्हा रात्री बसेस दिल्या गेल्या. व्हिएन्नाच्या स्टेशनात लोक अन्न आणि कपडे घेऊन त्यांच्यासाठी उभे होते. त्या दिवसांतले फोटो आम्ही शाळेत स्टाफरूमच्या वर्तमानपत्रात पाहिले होते. त्यात जवळजवळ प्रत्येकाच्या पाठीवर सॅक होती.

आम्ही त्या भुयारी चौकात थोडा वेळ उभे राहिलो. आता तिथे नेहमीची वर्दळ होती, मेट्रोकडे जाणारी माणसं, चाकांच्या बॅगांची खडखड. आमच्या पाठीवरच्या सॅका त्यांच्यासारख्याच दिसत असतील. आत मात्र फरक होता. ‘हे नसलं तर काय होईल’ या प्रश्नाला त्यांच्या उत्तरात दुकान नव्हतं, घर नव्हतं, सोमवारपासून सुरू होणारी शाळा नव्हती. अब्बांच्या रेक्झिनच्या बॅगेला निदान एक पत्ता होता, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, आणि तिथे वाट पाहणारी अम्मी आणि दोन वर्षांचं पोर. त्या संध्याकाळी फोन केला तेव्हा अब्बांनी पहिल्यांदा विचारलं, ‘स्टेशन कसं आहे?’ आम्ही सांगितलं. ते म्हणाले, ‘पाणी प्यायला जागा आहे ना तिथे?’

तुमच्यापैकी कोणी असा प्रवास करणार असाल तर चार गोष्टी लक्षात ठेवा. पाठ मोजून सॅक घ्या आणि वजन टाकून जिना चढून पाहा. पाण्यासकट वजन करा. कागद अंगावर ठेवा, त्यांच्या प्रती दुसऱ्याच्या सॅकेत. दोरी घ्या. आणि घरात कोणी आखातातून परतलेलं म्हातारं माणूस असेल तर सॅक एकट्याने दार लावून भरू नका. पलंगावर सगळं मांडा, त्यांना बोलवा, आणि काय काढायचं ते त्यांना विचारा. वेळ लागेल, पण लागू द्या.